गीला टेबल दिसतं, तुमच्या मनातलं नाही

गेल्या अंकात यी २ या पीएचपी फ्रेमवर्कच्या ‘गी’ या साधनाची ओळख करून दिली होती. डेटाबेसमधल्या टेबलावरून मॉडेलचा क्लास, आणि त्या मॉडेलवरून यादी, फॉर्म, बदल, डिलीट अशी क्रडची (क्रिएट, रीड, अपडेट, डिलीट) सगळी पानं गी लिहून देतं. ब्राउझरमध्ये एक फॉर्म भरायचा, ‘प्रिव्ह्यू’ दाबायचं, पटलं तर ‘जनरेट’. एवढंच सांगितलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांचा सूर ‘गीने अमुक केलंच नाही’ असा आहे. त्यातली बरीच उत्तरं गीमध्ये नसून टेबलाच्या रचनेत आहेत, म्हणून त्या रचनेबद्दलच्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे. कोडमधली नावं इथे देवनागरीत छापली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये लिहा.

प्रश्न: कॉम्पोजरने (पीएचपीची पॅकेजं बसवणारं साधन) गी बसवलं, कॉन्फिग फोल्डरमधल्या वेब डॉट पीएचपीत मॉड्यूल नोंदवलं. माझा प्रोजेक्ट डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या एका वेगळ्या कप्प्यात चालतो. गीचं पान उघडलं की ४०३ (प्रवेश नाही) हा एरर येतो. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर डॉकर नाही, तिथे हीच फाइल सुरळीत चालते. ‘अलाउड-आयपीज’मध्ये नुसता स्टार टाकला की काम होतं असं कुणीतरी सांगितलं. टाकू का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर: नको. आणि ४०३ आला याचा आनंद माना, कारण त्याचा अर्थ गी जागं आहे, फक्त तुम्हाला ओळखत नाही. ४०४ आला असता तर मॉड्यूल लोडच झालेलं नाही असं समजून दुसरीकडे शोधावं लागलं असतं. उदाहरणार्थ अॅप्लिकेशन कुठल्या वातावरणात चालतं ते सांगणाऱ्या यी-एन्व्हचं मूल्य ‘डेव्ह’ आहे का, कारण बेसिक टेम्प्लेटमध्ये (यीसोबत मिळणारा प्रोजेक्टचा तयार सांगाडा) गीची सगळी नोंद त्या अटीच्या आत असते. किंवा ‘मॉड्यूल्स’मध्ये नाव घातलं पण ‘बूटस्ट्रॅप’च्या यादीत घालायचं राहिलं, आणि यूआरएल मॅनेजरचं स्ट्रिक्ट पार्सिंग चालू आहे, असंही होतं.

तुमच्याकडे काय घडतंय ते सांगते. रिक्वेस्ट कुठल्या आयपीवरून आली हे गी सगळ्यात आधी तपासतं. तुम्ही यादी दिली नसेल तर ते फक्त १२७.०.०.१ आणि त्याचं आयपीव्ही६ रूप ::१ एवढ्यांनाच आत घेतं. कंटेनरच्या आतल्या पीएचपीला तुमचा ब्राउझर त्याच मशीनवरचा आहे हे कळत नाही. त्याला दिसतो डॉकरच्या नेटवर्कचा गेटवे. डॉकरचं नेहमीचं ब्रिज नेटवर्क असेल तर बहुधा १७२.१७.०.१, कंपोझने वेगळं नेटवर्क काढलं असेल तर दुसरा काहीतरी. व्हर्च्युअलबॉक्समध्ये पोर्ट फॉरवर्ड करून काम करणाऱ्यांना १०.०.२.२ दिसतो. पण अंदाज कशाला? रनटाइम फोल्डरमधला लॉग उघडा. गी कुणाला नाकारतं तेव्हा तिथे वॉर्निंग लिहितं आणि नाकारलेला आयपी त्यातच सांगतं. तो यादीत घाला. कंटेनर दर वेळी नवा पत्ता घेत असेल तर ‘१७२.१८.*’ असं लिहिता येतं. स्टारच्या आधीचा भाग जुळला की गी समाधानी असतं.

यादी लिहिताना १२७.०.०.१ आणि ::१ पुन्हा लिहायला विसरू नका. तुमची यादी मूळ यादीत मिसळली जात नाही, तिची जागा घेते.

प्रश्न: आमच्या लहानशा टीमने ग्रंथालयासाठी प्रोजेक्ट घेतलाय. जुन्या सिस्टिमचा मायएसक्यूएल डंप (डेटाबेसची फाइलीत उतरवलेली प्रत) मिळाला, त्यावर गी चालवलं. बुक, मेंबर, लोन (कुणी कुठलं पुस्तक नेलं त्याची नोंद) अशी टेबलं आहेत. मॉडेल्स झाली, पण लोनच्या मॉडेलमध्ये ना ‘गेट-बुक’, ना ‘गेट-मेंबर’. तुमच्या लेखात तर रिलेशन्स आपोआप निघतात असं होतं. ‘जनरेट रिलेशन्स’मध्ये ‘ऑल रिलेशन्स’च निवडलंय. कुठे चुकतंय?

उत्तर: लोन टेबलात बुक-आयडी नावाचा कॉलम आहे म्हणजे तो बुक टेबलाशी जोडलेला आहे, हे तुम्हाला आणि मला दिसतं. गीला दिसत नाही. ते कॉलमच्या नावावरून तर्क करत नाही, डेटाबेसला विचारतं की इथे फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलाशी जोडणारी नोंद, आहे का. डेटाबेस नाही म्हणाला की विषय संपला.

जुना डंप म्हटलात, म्हणून माझी पहिली शंका इंजिनवर, म्हणजे मायएसक्यूएल टेबल ज्या पद्धतीने साठवतं त्यावर आहे. मायएसक्यूएलमध्ये ५.५ या आवृत्तीपासून इनो-डीबी हे डीफॉल्ट इंजिन झालं. त्याआधी मायआयसॅम होतं, आणि त्याकाळच्या डंपमध्ये प्रत्येक टेबलाखाली ‘इंजिन = मायआयसॅम’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे नव्या सर्व्हरवर घेतलं तरी टेबल मायआयसॅमच राहतं. मायआयसॅमची खोड अशी की ‘फॉरेन की’ लिहिलेलं वाक्य ते बिनतक्रार मान्य करतं आणि साठवत मात्र काहीच नाही. एरर नाही, वॉर्निंगही नाही. मूळ प्रोग्रॅमरने फॉरेन की लिहिल्याही असतील, त्या कधी अस्तित्वातच आल्या नाहीत.

तर टेबलं आधी इनो-डीबीत आणा आणि मग फॉरेन की घाला. हे सरळ होईल अशी आशा ठेवू नका. एक तर दोन्हीकडच्या कॉलमचा प्रकार तंतोतंत जुळावा लागतो. एकीकडे साधा इंट आणि दुसरीकडे अनसाइन्ड इंट असेल तर मायएसक्यूएल अडवतं. दुसरं म्हणजे अनाथ नोंदी सापडतील: मेंबर केव्हाच पुसला गेला, त्याची लोन मात्र शिल्लक. त्यांचं काय करायचं हे ग्रंथालयाला विचारूनच ठरवा, परस्पर पुसू नका. हे काम कंटाळवाणं आहे आणि गीशी त्याचा संबंध नाही असं वाटेल. पण या दोन दिवसांच्या कामातून पुढे महिनाभराचा कोड आपोआप निघणार आहे.

फॉरेन की घातल्यावरही रिलेशन्स दिसल्या नाहीत तर स्कीमा कॅश (टेबलांच्या रचनेची साठवून ठेवलेली प्रत) चालू आहे का बघा. असेल तर कन्सोलवरून ‘कॅश/फ्लश-स्कीमा’ चालवा, नाहीतर गी जुनंच चित्र बघत राहील.

आता टेबलाकडे वळलाच आहात तर बाकीचंही बघून घ्या, कारण गी रूल्ससुद्धा तिथूनच काढतं. कॉलम ‘नॉट नल’ असेल आणि त्याला डीफॉल्ट नसेल तर ‘रिक्वायर्ड’. व्हारकॅर १०० असेल तर जास्तीत जास्त १०० अक्षरं. युनिक इंडेक्स असेल तर ‘युनिक’ व्हॅलिडेटर. फॉरेन की असेल तर समोरच्या टेबलात ती नोंद खरंच आहे का हे बघणारा ‘एक्झिस्ट’. जुन्या डेटाबेसमध्ये सगळे कॉलम व्हारकॅर २५५ आणि सगळे नल चालणारे, असं पुष्कळ ठिकाणी असतं. त्यातून निघालेलं मॉडेल काहीही स्वीकारतं. मग ‘गीचं व्हॅलिडेशन कच्चं आहे’ अशी पत्रं येतात.

नावांचंही तसंच. तुमच्या लोन टेबलात पुस्तक देणारा कर्मचारी आणि परत घेणारा कर्मचारी असे दोन कॉलम असतील, दोन्हींची फॉरेन की स्टाफ टेबलाकडे. लोनच्या बाजूने गी छान नावं काढतं, कारण ते कॉलमच्या शेवटचं ‘आयडी’ छाटून उरलेलं घेतं: इश्यूड-बाय-आयडीचं ‘गेट-इश्यूड-बाय’. पण स्टाफच्या मॉडेलमध्ये उलट्या बाजूने दोन्हींना एकच नाव सुचतं, म्हणून एक होतं ‘गेट-लोन्स’ आणि दुसरं ‘गेट-लोन्स-०’. हे शून्य बघून हसू येतं, पण कुठलं देण्याचं आणि कुठलं घेण्याचं हे सहा महिन्यांनी कुणालाच आठवणार नाही. तिथे स्वतःच्या हाताने नीट नावाच्या दोन रिलेशन्स लिहा.

पुस्तक आणि लेखक यांना जोडणाऱ्या मधल्या टेबलाला दोन्ही फॉरेन की मिळून एकच प्रायमरी की द्या. मग गी ते जंक्शन टेबल म्हणून ओळखतं आणि पुस्तकावरून थेट लेखकांपर्यंत जाणारी रिलेशन लिहून देतं.

आणि एक गोष्ट, जी मला स्वतःला फार आवडते. मॉडेलच्या फॉर्ममध्ये ‘जनरेट लेबल्स फ्रॉम डीबी कॉमेंट्स’ असा एक चौकोन आहे. टेबलाच्या प्रत्येक कॉलमला मराठीत कॉमेंट लिहा, ‘सभासद क्रमांक’, ‘परतीची तारीख’, आणि तो चौकोन टिक करा. फॉर्म, यादी, एरर मेसेज, सगळीकडे मराठी लेबलं येतात. नंतर डेटाबेस बघणाऱ्या माणसालाही कॉलम कशाचा आहे ते कळतं.

प्रश्न: टेबलात दोन कॉलम वाढवले. आता मॉडेल परत जनरेट केलं तर मी मध्ये लिहिलेल्या फंक्शन्सचं काय? दर वेळी हाताने रूल्स लिहायचा कंटाळा आलाय.

उत्तर: गी गुपचूप काही पुसत नाही. प्रिव्ह्यूमध्ये प्रत्येक फाइलसमोर ते काय करणार आहे ते लिहिलेलं असतं. नवी फाइल असेल तर चौकोन आधीच टिक केलेला, आहे ती फाइल बदलायची असेल तर मोकळा. शेजारी जुन्या-नव्यातला फरक दाखवणारा ‘डिफ’ आहे, तो उघडा. दोन नव्या रूल्सच्या ओळी आणि दोन लेबलं एवढंच हवं असेल तर डिफमधून कॉपी करा आणि जनरेट न दाबता बाहेर पडा. हा सगळ्यात साधा मार्ग आहे आणि लहान प्रोजेक्टमध्ये मी हाच सुचवते.

टेबलं वारंवार बदलणार असतील तर गीचं आणि आपलं वेगळं ठेवा. गीला क्लासचं नाव ‘बेस-लोन’ द्या आणि स्वतःचा ‘लोन’ क्लास त्यावरून एक्स्टेंड करा. बेसमध्ये कधीच हात घालायचा नाही, हवं तेव्हा ओव्हरराइट करायचं. आपली फंक्शन्स, बिहेवियर्स, सीनॅरिओज सगळं लोनमध्ये. रूल्स वाढवायचे तर पॅरेंटचे रूल्स घेऊन त्यात अॅरे-मर्जने आपले घाला.

इथे बरेच जण बेस क्लास वेगळ्या नेमस्पेसमध्ये (क्लासच्या नावांच्या वेगळ्या गटात), ‘मॉडेल्स’च्या आतल्या ‘बेस’ फोल्डरमध्ये ठेवतात. दिसायला नीटनेटकं दिसतं, पण त्यात एक खोच आहे. गी रिलेशनमध्ये समोरच्या क्लासचं नुसतं नाव लिहितं. म्हणजे बेस नेमस्पेसमधल्या लोनची ‘गेट-मेंबर’ ही रिलेशन बेस नेमस्पेसमधलाच मेंबर देते, तुम्ही फंक्शन्स लिहिलेला मेंबर देत नाही. मग ‘लोन-मेंबर-थकबाकी’ असं काही मागितलं की असं फंक्शनच नाही म्हणून एरर, आणि माणूस तासभर स्वतःच्या फाइलकडे बघत बसतो, जिथे फंक्शन ठळक दिसत असतं. नेमस्पेस एकच ठेवून फक्त नावाला ‘बेस’ जोडलं तर ही अडचण येत नाही, कारण मेंबर हे नाव तुमच्याच क्लासला जातं. अपवाद एकच: स्वतःकडेच फॉरेन की असलेलं टेबल, म्हणजे विषयाच्या पोटात उपविषय वगैरे. तिथे रिलेशन बेसकडे जाते. ती आपल्या क्लासमध्ये परत लिहा.

क्रडच्या पानांना मात्र यातलं काहीही लावू नका. व्ह्यूज एकदा जनरेट करायचे आणि मग ते तुमचे. पुन्हा जनरेट करायची इच्छा झाली तर बहुधा तुम्हाला टेम्प्लेट बदलायची गरज आहे. त्याचा प्रश्न खाली आहेच.

प्रश्न: क्लायंटकडच्या सर्व्हरवर कधीकधी घाईत नवं टेबल येतं. तिथेही गी चालू ठेवावं का? आयपीचं बंधन घातलंच आहे.

उत्तर: ठेवू नये.

कारण विचाराल तर: पुढे एनजिनएक्स आणि मागे त्याच मशीनवर दुसरा वेब सर्व्हर अशी मांडणी असेल आणि मूळ आयपी पुढे पाठवण्याची सोय नीट लावलेली नसेल, तर मागच्या अॅप्लिकेशनला जगातला प्रत्येक माणूस १२७.०.०.१ दिसतो. तुमचं बंधन मग फक्त कॉन्फिगच्या फाइलीत उरतं. शिवाय गीला फाइल लिहिता यावी म्हणून सर्व्हरवर कोडच्या फोल्डरला वेब सर्व्हरची लिहिण्याची परवानगी द्यावी लागेल. ती एकदा दिली की दुसऱ्या कुठल्याही भगदाडातून आलेल्यालाही ती आयती मिळते.

गी कॉम्पोजरच्या ‘रिक्वायर-डेव्ह’मध्येच असू द्या आणि सर्व्हरवर ‘नो-डेव्ह’ने इन्स्टॉल करा. सोबत वेब फोल्डरमधल्या इंडेक्स डॉट पीएचपीच्या सुरुवातीच्या दोन ओळी, यी-डीबग आणि यी-एन्व्ह, कॉमेंट करायला विसरू नका. त्या राहिल्या की अॅप्लिकेशन स्वतःला डेव्ह समजतं, गीचा क्लास शोधायला जातं, तो सापडत नाही आणि साइट उघडतच नाही. अॅडव्हान्स्ड टेम्प्लेट वापरणाऱ्यांनी ‘इनिट’ चालवून प्रॉडक्शन निवडलं की हे आपोआप होतं.

प्रश्न: गीने दिलेला कोड जसाच्या तसा वापरणं सुरक्षित आहे का? आमच्या सीनियरने ‘फ्रेमवर्कचाच आहे, बिनधास्त वापर’ असं सांगितलं.

उत्तर: बिनधास्त नाही. फ्रेमवर्कचा आहे हे खरं, आणि फ्रेमवर्कला तुमच्या अॅप्लिकेशनमध्ये कोण काय करू शकतो हे माहीत नसतं, हेही तितकंच खरं.

जनरेट झालेला कंट्रोलर उघडा. बिहेवियर्समध्ये एकच गोष्ट दिसेल: डिलीट फक्त पोस्टने व्हावं हा व्हर्ब फिल्टर. लॉगिन केलंय का, हा माणूस अॅडमिन आहे का, यातलं काहीही तिथे नाही. पत्ता माहीत असलेला कुणीही नोंदी बघू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो. अॅक्सेस कंट्रोल फिल्टर तुम्ही घालायचा आहे. जनरेट दाबल्यावर लगेच, बाकी काही करण्याआधी.

दुसरी गोष्ट याहून छुपी आहे. ऑटो-इन्क्रिमेंट सोडून टेबलातल्या बहुतेक प्रत्येक कॉलमला गी काहीतरी रूल लावतं. आणि यी २ मध्ये ज्या कॉलमला रूल आहे तो ‘सेफ’, म्हणजे फॉर्ममधून आलेलं मूल्य ‘लोड’ फंक्शन त्यात निमूट भरतं. युजर टेबलात ‘इज-अॅडमिन’ कॉलम असेल तर तोही भरला जातो. तुम्ही फॉर्ममधून तो चौकोन काढून टाकलात म्हणून काही वाचत नाही. रिक्वेस्टमध्ये एक ओळ हाताने वाढवणं ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधून कुणालाही जमतं. म्हणून मॉडेल हातात आलं की रूल्स वरून खालपर्यंत वाचा आणि प्रत्येक कॉलमला एकच प्रश्न विचारा: हा वापरणाऱ्याने भरायचा आहे का? नसेल तर तो रूलमधून काढा किंवा सीनॅरिओ लावून वगळा. तयार केल्याची तारीख, कुणी तयार केलं, स्टेटस, शिल्लक रक्कम, हे नेहमीचे संशयित.

तिसरी गोष्ट व्ह्यूजची. यादीच्या पानावर गी पहिले पाच कॉलम दाखवतं आणि बाकीचे कॉमेंट करून ठेवतं, पण एका नोंदीच्या तपशिलाच्या पानावर सगळेच येतात. युजरवर क्रड चालवलं असेल तर तिथे पासवर्डचा हॅश आणि ऑथ-की दिसेल. फॉर्ममध्ये ‘पासवर्ड’ नावाच्या कॉलमला गी ठिपक्यांचा चौकोन देतं. ‘पासवर्ड-हॅश’ला मात्र साधा, वाचता येणारा. खरं तर युजरच्या टेबलावर क्रड चालवूच नये, तो भाग हाताने लिहावा, असं माझं मत आहे.

तुमच्या सीनियरना हे दाखवा. हवं तर माझ्या नावाने.

प्रश्न: फॉर्ममध्ये मेंबर-आयडीला आकडा भरायचा चौकोन येतो. ड्रॉपडाउन हवा. प्रत्येक फॉर्ममध्ये जाऊन बदलतोय, तेच सर्च बटणाचं, तेच तारखांचं.

उत्तर: एका फॉर्मपुरतं असेल तर अॅरे-हेल्परच्या ‘मॅप’ने आयडी आणि नाव यांची जोडी काढून ड्रॉपडाउन लावा आणि पुढे व्हा. (मेंबर हजारोंनी असतील तर ड्रॉपडाउन नकोच, शोधता येईल असं विजेट घ्या.) पण तेच बदल प्रत्येक फॉर्मला करत असाल तर टेम्प्लेट बदलायची वेळ आलीय.

व्हेंडर फोल्डरमध्ये यी-२-गीच्या आत जनरेटर्सचं फोल्डर सापडेल, त्यातल्या क्रडचं ‘डीफॉल्ट’ फोल्डर उचलून आपल्या प्रोजेक्टमध्ये आणा. व्हेंडरच्या आत बदल करू नका, पुढच्या कॉम्पोजर अपडेटला ते जातील. मग कॉन्फिगमध्ये गीच्या नोंदीखाली ‘जनरेटर्स’, त्यात ‘क्रड’, त्याला क्लास आणि ‘टेम्प्लेट्स’, आणि तिथे तुमच्या टेम्प्लेटचं नाव व फोल्डरचा पत्ता. गीच्या फॉर्ममध्ये तळाशी ‘कोड टेम्प्लेट’च्या यादीत ते नाव दिसू लागेल. एकदा निवडलं की गी ते पुढच्या वेळीही लक्षात ठेवतं.

टेम्प्लेट ही पीएचपी लिहिणारी पीएचपी फाइल आहे. काही ओळी आत्ता चालायच्या असतात, काही जनरेट झालेल्या फाइलमध्ये चालायच्या असतात, आणि दोन्हींचे टॅग सारखेच दिसतात. सुरुवातीला डोकं गरगरतं. एका वेळी एकच बदल करा आणि प्रिव्ह्यू बघा. प्रिव्ह्यूला फाइल लिहिली जात नसल्याने कितीही वेळा बघता येतं. फॉरेन की असलेला कॉलम ओळखून त्याला ड्रॉपडाउन द्यायचा तर फॉर्मच्या टेम्प्लेटमध्ये टेबल स्कीमातल्या फॉरेन की तपासाव्या लागतील. तारखांचं त्यामानाने सोपं आहे, कॉलमचा प्रकारच ‘डेट’ असतो. सर्च बटण सगळ्यात सोपं, तिथून सुरुवात करा.

प्रश्न: ‘जनरेट’ दाबलं की फाइल लिहिता येत नाही असा एरर. फोल्डरला सगळ्या परवानग्या दिल्या, तर फाइल झाली, पण आता एडिटरमधून ती सेव्हच होत नाही.

उत्तर: ब्राउझरमधलं गी वेब सर्व्हरच्या युजरने चालतं, फाइलही त्याचीच होते. परवानग्या सैल करत बसण्यापेक्षा कन्सोलवरून चालवा. ‘यी गी/मॉडेल’ला टेबल-नेम आणि मॉडेल-क्लास द्या, फाइल तुमच्या नावावर होईल. डॉकरमध्ये कन्सोल रूट युजरने चालत असेल तर तोच गोंधळ परत होतो, तिथे कंटेनरला तुमचा युजर आयडी द्या. कन्सोलच्या कॉन्फिगमध्येही गी नोंदवलेलं हवं, वेबचं कॉन्फिग तिथे लागू होत नाही. टेबल-नेमला स्टार दिला तर सगळ्या टेबलांची मॉडेल्स एका दमात होतात. त्यात ‘मायग्रेशन’ टेबलाचंही एक निरुपयोगी मॉडेल निघतं, ते टाकून द्या. आणि स्टार अवतरणात लिहा, नाहीतर शेल त्याचा भलताच अर्थ लावू शकतं.

प्रश्न: आता एआयला टेबलाची रचना दिली की मॉडेल, कंट्रोलर, फॉर्म, ड्रॉपडाउनसकट सगळं मिळतं. गीवर दोन अंक खर्च करण्याइतकं त्यात काय उरलंय? लॅरव्हेल, रेल्स अशा दुसऱ्या फ्रेमवर्कवाले तरी हे अजून वापरतात का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं आधी. वापरतात, पण ही साधनं एकसारखी नाहीत. रेल्सचं ‘स्कॅफोल्ड’ उलट्या दिशेने चालतं: फील्डची नावं तुम्ही कमांडमध्ये द्यायची, मायग्रेशन आणि मॉडेल तेच लिहितं, टेबल त्यानंतर तयार होतं. लॅरव्हेलचं ‘मेक’ बहुतांशी रिकामा सांगाडा देतं, आत काय भरायचं ते तुमच्यावर. पायथॉनमधल्या जँगो फ्रेमवर्कचं ‘इन्स्पेक्ट-डीबी’ गीच्या जवळचं, तयार टेबलं वाचून मॉडेल्स लिहिणारं, पण पानं देत नाही. ज्यांच्या हाती जुना डेटाबेस येतो त्यांना टेबलाकडून कोडकडे जाणारं साधन लागतं. ज्यांची पाटी कोरी आहे त्यांना रेल्सची दिशा सोयीची.

एआयचं म्हणाल तर मीही वापरते, आणि ड्रॉपडाउन, तारखा, शोध यांसाठी ते गीपेक्षा पुष्कळ पुढे आहे. पण तेच टेबल दोनदा दिलं तर दोन वेगळे कोड मिळू शकतात. एकदा रिलेशनचं नाव असं, एकदा तसं. कधी टेबलात नसलेलाच कॉलम त्यात आलेला असतो आणि तो इतका पटणारा असतो की वाचताना नजरेतून सुटतो. गी कंटाळवाणं आहे: तेच टेबल, तेच सेटिंग, तोच कोड, अक्षर न अक्षर. चाळीस टेबलांची बेस मॉडेल्स हवी असतात तेव्हा मला हा कंटाळवाणेपणाच हवा असतो. ती वाचावी लागत नाहीत, डिफ रिकामा आला की टेबल बदललेलं नाही हे कळतं. बेस गीकडून, त्यावरचं एआयकडून किंवा हाताने, अशी वाटणी मला सध्या बरी वाटते. वर्षभराने विचारा, कदाचित बदललेली असेल.

प्रश्न: चुकून वीस टेबलांचं क्रड चुकीच्या फोल्डरमध्ये जनरेट झालं. अनडू कसं करायचं?

उत्तर: गीमध्ये अनडू नाही. रेल्सला ‘डिस्ट्रॉय’ आहे, इथे तसं काही नाही. गिट असेल तर आधी ‘गिट क्लीन’ला ‘एन’ आणि ‘डी’ हे दोन्ही पर्याय देऊन काय काय पुसलं जाईल ते नुसतं बघा. त्या यादीत तुमच्या हाताने लिहिलेली, अजून कमिट न केलेली नवी फाइल असेल तर ती आधी बाजूला काढा, मग ‘एन’च्या जागी ‘एफ’. ओव्हरराइट झालेल्या जुन्या फाइली ‘गिट रिस्टोर’ने परत येतील. गिट नसेल तर फाइली बदलल्याच्या वेळेनुसार लावा. जनरेट झालेल्या सगळ्या एकाच मिनिटाच्या असतील, तेवढ्या हाताने काढा. आणि पुढचं टेबल जनरेट करण्याआधी ‘गिट इनिट’.